तुझ्या फोटोखालचा नाका

प्रिय परसराम,

हे पत्र तुला आहे, पण उद्या तुझ्या पुण्यतिथीच्या सभेत मी ते मोठ्यानं वाचणार आहे. म्हणून आधी समोर बसणाऱ्यांना नमस्कार. कापूस पिकवणाऱ्या माणसांनो, आपला माल आपण कुठं विकायचा हे आजवर कायम दुसऱ्यानंच ठरवलं. ते दुखणं तुमचं आहे, परसरामचं होतं, आणि शेत नसताना माझंही होतं. हे पत्र त्याच दुखण्याबद्दल आहे.

आता तुझ्याशी बोलतो.

पांढरकवड्याच्या पुढे, पैनगंगेच्या पुलाअलीकडे, आपल्या चळवळीच्या पोरांनी रस्त्यावर आडवा बांबू टाकला आहे. तेलंगणातून कापूस घेऊन येणारी गाडी दिसली की तिला परत पाठवतात. बांबूशेजारी हार घातलेला तुझा फोटो, केवढा मोठा! खाली लिहिलंय, 'शेतकऱ्याचं स्वातंत्र्य'. आणि या सगळ्यांची पुढारी आहे तुझी लेक, ज्योती.

खरं सांगू? आधी मला बांबू दिसलाच नाही. फोटो दिसला. मनात आलं, मेल्यावरही हारतुरे यालाच.

तुझा हेवा करायची सवय जुनी आहे. अमरावतीला वसतिगृहात आपण एका खोलीत राहिलो, तीच पुस्तकं वाचली. सरकारनं माणसाच्या वाटेत किती यावं, व्यापार अडवायचा हक्क कुणाला असतो का, न पटणारं मत का ऐकून घ्यावं, यावर भांडत आपण मेसचं जेवण गार करायचो. पुढे तू वकील झालास, मी पुसदला कॉलेजात शिकवू लागलो. भाषणं दोघंही ठोकायचो. पण लोक तुला भाऊ म्हणाले आणि मला सर. सर म्हटलेल्या माणसामागून कुणी तुरुंगात जातं का रे?

महागावच्या बाजारातली सभा आठवते? तेव्हा कापूस सरकारलाच विकायची सक्ती होती, राज्याबाहेर न्यायला बंदी. एसटीत तू मला विचारलंस, "आज काय बोलू बे?" सबंध वाटेत मी तुला खुल्या व्यापाराचा युक्तिवाद समजावला. तू मंचावर चढलास आणि म्हणालास, "माह्या आजानं बैलाच्या पाठीवर मीठ लादून अर्धा मुलूख पालथा घातला. त्याले कोनी इचारलं नाई, परवाना हाय काय. मंग मले काहून इचारता?"

बाजार उसळला. युक्तिवाद माझा, बैल तुझा आणि टाळ्या बैलाला.

तू बंजारा तांड्यातला; मला कुठून मिळणार होता तो बैल? आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कचेरीची नोकरी. तुझा आजा परवान्याशिवाय माल नेत होता तेव्हा माझे आजोबा परवाने लिहीत होते. माझी बायको माझ्या एकाही सभेला आली नाही. तुझ्या पुसदच्या सभेत मात्र तिनं घोषणा देऊन घसा बसवून घेतला. घरी येऊन मला खुणांनी चहा विचारत होती. तेही मी सोसलं.

हा बांबू सोसवत नाही.

मी नाक्यावर गेलो. ज्योती मांडवात कार्यकर्त्यांमध्ये बसली होती. म्हटलं, बाई, असाच नाका मोडायला तुझ्या बापानं लाठ्या खाल्ल्या. माल बाहेर जाऊ न देणारा सरकारी शिपाई आणि माल आत येऊ न देणारी तू, फरक काय?

ती शांतपणे म्हणाली, "काका, पलीकडच्याले त्याचं सरकार एकरामागं पैसे देते, वीज फुकट देते. आमचं बोंडअळीनं खाल्लं. त्याचा कापूस सस्त्यात इथं येते अन जिनिंगवाला आमचा भाव पाडते. याले तुमी मोकळा बाजार म्हनता?"

प्रश्न खरा आहे, परसराम. आपल्या पुस्तकांत त्याला सोपं उत्तर नाही. मी म्हटलं, मग आपल्या सरकारशी भांड. तिकडच्या शेतकऱ्याची गाडी कशाला अडवतेस? तुझ्या आत्याचा तांडाही पलीकडेच आहे ना?

तेवढ्यात मागून एक दाढीवाला म्हणाला, "सर, फोटो तुमचा लावला असता तं नाका चालला असता ना?"

मांडव हसला. ज्योतीही हसली. "बसा काका, चहा घ्या. बाबाच्या फोटोचा कायले राग करता?"

तिथं मी अडकलो. मी तुझ्यावर जळतो हे साऱ्या जिल्ह्याला माहीत आहे. त्यामुळे मी बरोबर बोललो तरी ते जळणंच ठरतं. सांग, हेवेखोर माणसाच्या तोंडून खरं निघूच शकत नाही का?

तू असतास तर ऐकलं गेलं असतं. आपल्या बैठकीची रीत होती, मतासाठी हात वर करण्याआधी शेवटचं बोलणं विरोधात असणाऱ्याचं. त्याला उत्तर द्यायचं नाही, त्याच्या हेतूवर बोट ठेवायचं नाही. ही रीत तांड्याच्या बैठकीतून आणली असं तू सांगायचास, मी म्हणायचो पुस्तकातून. त्या वादातही लोकांनी तुझंच खरं मानलं. आता निर्णय मोबाइलच्या ग्रुपवर होतात. मी नाक्याविरुद्ध लिहिलं आणि त्याच संध्याकाळी मला ग्रुपमधून काढलं.

लोक विचारतात, ही चळवळ तुमच्या त्या जुन्या उदारमतवादाची वारस आहे का? घोषणा ऐकली तर वाटतं, आहे. पण स्वतःपुरतं स्वातंत्र्य मागणं कुणालाही जमतं. पलीकडच्याचं स्वातंत्र्य आपल्याला महाग पडत असताना ते मान्य करणं आणि उलटं बोलणाऱ्याला मांडवात बसू देणं, तिथं खरी ओळख पटते. तिथं ही पोरं आज नापास आहेत. त्यांचा राग खरा, मागणी खरी, पण वारसा सांगायचा हक्क त्यांनी अजून कमावलेला नाही.

यात थोडा दोष तुझाही आहे, बरं का. तू बोलत राहिलास, लिहून काहीच ठेवलं नाहीस. लोकांना बैल आठवतो. तो कशासाठी चालला होता, ते कुणी सांगायचं?

माझं वचन ऐक. उद्या सभा माझ्याविरुद्ध गेली, तर लोक विकले गेले असं मी म्हणणार नाही आणि तुझ्या लेकीबद्दल वाकडा शब्द काढणार नाही. मात्र त्यानंतर पलीकडून जी पहिली गाडी येईल, तिच्यात ड्रायव्हरशेजारी मी बसलेला असेन. आणि ज्योती भावासाठी, विजेसाठी आपल्या सरकारशी भांडायला निघाली, तर झेंडा घेऊन मी तिच्या मागे चालेन. तुझ्या मागे चालणं मला कधी जमलं नाही.

समोर बसलेल्यांनो, माझा हेवा माझ्यापाशी राहू द्या, त्याचं काय करायचं ते मी बघेन. नाक्यावरचा बांबू काढावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी आत्ता, याच सभेत, हात वर करावा.

तुझा,
विनायक