थांबवलेली दमणी

मोताळा, २ मार्च १९६५

श्री. महादेवराव यांस,

काल, सोमवारी दुपारी चार वाजता, तुमच्या कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणात तुम्ही मला दमणीतून खाली उतरवलं. नाव बदललं तरी उंद्रीला मास्तरीण व्हायला निघालेली ती मुलगी मीच. तुमचा नायक पस्तीस वर्षं मागे जातो, बैल अडवतो आणि ती रडत त्याच्या गळ्यात पडते.

प्रत्यक्षात तुम्ही बैलांसमोर उभे होतात आणि मी गाडीवानाला म्हटलं होतं, "हाका." मी रडले नव्हते. कॉन्व्हेंटच्या नन्सनी मला चारचौघांत रडायला शिकवलं नव्हतं.

माझी विद्यार्थिनी सोजरा आता इथे शिक्षिका आहे. तिला ते पान वाचून दाखवलं.

"बाई, तुमी उतरल्या असत्या, तं मले कोनं शिकवलं असतं? हा मानूस तं आपली शाळाच बुडवून राह्यला."

कापसाच्या वेचणीत मुली शाळेत येत नसत, म्हणून मी शेताच्या धुऱ्यावर वर्ग भरवायची. तुमच्या नायकाला ते दिसलं नाही.

माझं तुमच्यावर प्रेम होतं. हे वाक्य पोस्टात टाकायच्या प्रतीत नसेल. तरीही मी गेले, आणि पुन्हा जाईन.

दुसऱ्या आवृत्तीत दमणी पुढे जाऊ द्या. नायकाला मागून पळायचं तर पळू द्या. कबूल असल्याचं ३१ मार्चच्या आत लेखी कळवावं.

कु. रुख्मिणी सोळंके
निवृत्त मुख्याध्यापिका