दाढांचा कॅमेरा आणि फुलपाखरं

८ जानेवारी, सकाळ. अल्माटी, उणे अठरा.
दाउरेनने माझ्या हातातून ड्रिल काढून घेतलं. पोटचा पोरगा, माझ्याच हाताखाली दात भरायला शिकला. कानामागून आला आणि तिखट झाला. म्हणे, पापा, तुमचा हात थरथरतो, काही दिवस नुसतं तपासत जा.
हात थरथरत नाही. क्लिनिकचं हीटिंग कमी आहे.
ठराव: मॉलमधल्या बंदिस्त बागेत जाऊन, स्टँड न लावता, फुलपाखरांचे अगदी जवळून फोटो काढायचे. याच कॅमेऱ्याने, याच रिंग फ्लॅशने मी तीस वर्षं लोकांच्या दाढा टिपल्या आहेत. दाउरेनला बजावलं, दहा स्वच्छ फोटो आणले तर २७ तारखेला बिबिगुल आपांची दाढ मीच भरणार. त्या माझ्या जुन्या पेशंट, दुसऱ्या कुणापुढे तोंडच उघडत नाहीत. तो म्हणाला, आणा, मग बघू.

१० जानेवारी
बाहेर उणे अठरा, बागेत अधिक तीस. लेन्सवर वाफ धरली. दोन तास पुसत बसलो. बाग सांभाळणारी मेरुयर्त वडीलधाऱ्याला म्हणतात तसं आगाय म्हणत सांगू लागली, कॅमेरा आधी अर्धा तास पिशवीतच राहू द्यायचा असतो. शाळकरी पोरांनाही माहीत असतं म्हणे. मी लेन्स पुसत राहिलो.

संध्याकाळ
कुल्याशने पियाल्यात जेमतेम दोन घोट चहा ओतला. आपल्याकडे मानाच्या पाहुण्यालाच असा थोडा थोडा ओततात. छत्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला हा मान पहिल्यांदाच. गेल्या आठवड्यात मी टेबलक्लॉथवर सांडलं त्याबद्दलही अवाक्षर नाही. उशिरा का होईना, बाईला माझी किंमत कळली.

१५ जानेवारी
जिंकलो. एकशे सहा फोटो, पंखांवरचा खवला न् खवला मोजून घ्या. फ्लॅशपुढे एक निळं फुलपाखरू तर पेशंटसारखं शांत बसलं.
दाउरेनने बराच वेळ पाहिले. म्हणाला, फोटो सुंदर आहेत, पापा. पण हा फ्लॅश आहे. डोळ्याचं पातं लवायच्या आत उडतो, त्यात भूकंपसुद्धा स्थिर दिसेल. फ्लॅश न लावता आणा.
डाव अर्ध्यावर आला की नियम बदलायचे. लहानपणी बुद्धिबळातही हा आपली चाल परत घ्यायचा.

१६ जानेवारी
ठराव: कडक चहा बंद.

१६ जानेवारी, दुपार
मोडला. मान नाकारू नये.

१९ जानेवारी
फ्लॅशशिवाय दोनशे चौदा फोटो. कारणं लिहून ठेवतो: पंखा चालू होता. हवा दमट. एका शाळेची सहल धपाधपा पाय आपटत गेली. शिवाय ही फुलपाखरं ब्राझीलची, त्यांना शिस्त माहीत नाही.
स्वच्छ आला एकच. त्यात फुलपाखरू नाही, त्यांच्यासाठी ठेवलेली केळ्याची फोड आहे. तेव्हा कोपर कठड्यावर टेकलेलं होतं.
कुल्याश फोटो बघून पुटपुटली, नाचता येईना अंगण वाकडं. मग स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. कांदे चिरत असावी.

२५ जानेवारी
दाउरेन बरोबर आला. रस्त्यावर बर्फ आहे, गाडी मी चालवतो म्हणाला. येऊ दिलं. साक्षीदार हवाच होता.
आज कॅमेऱ्याला हात लावायच्या आधीच मेरुयर्तने आमच्या बोटांना साखरपाणी लावलं. म्हणाली, आगाय, हात नुसता धरा, ती आपणहून येतात. दाउरेनच्या बोटावर लगेच एक आलं, पंख पसरून बसलं. माझ्या बोटाशी आलं, टेकलं, उडालं. पुन्हा आलं, पुन्हा उडालं. मी डावा हात उजव्याने घट्ट धरला. दोन्ही हलायला लागले.
पंखा बंद होता. सहल नव्हती.
दाउरेनने आपला तळवा माझ्या हाताखाली धरला, पाळण्यातल्या बाळाचं डोकं धरावं तसा. तेव्हा फुलपाखरू बसलं. बराच वेळ बसलं. मला त्या दोघांचाही राग आला.
गाडीत मीच म्हणालो, बिबिगुल आपांची दाढ तूच भर. वाटलं होतं, निदान एकदा तरी नको म्हणेल.
बरं, पापा, म्हणाला.