जित्या मातीचं माप

१२ ऑगस्ट, शिरपूर
माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत आज रुजू झाले. खोली हवेशीर, डबा जैन खानावळीचा. धरणगावहून दादाजींचा फोन: सूर्यास्ताआधी जेवतेस ना? शाळेआधी अक्षरं त्यांनीच गिरवून घेतली, घरातच. पहिला धडा जीवदयेचा.

काम असं: नमुन्याचे दोन भाग करायचे. एक तसाच ठेवायचा. दुसरा हवाबंद काचेच्या भांड्यात, क्लोरोफॉर्मच्या वाफेत; त्यातले सूक्ष्मजीव फुटून मरतात. मग दोन्हींतून सुटणारा कार्बन मोजायचा. फरकावरून जिवंतांचा कार्बन कळतो. माती किती जिवंत आहे हे कळायला ती आधी मारावी लागते, असं प्रयोगशाळेचे प्रमुख गिरधर सर हसत म्हणाले. मीही हसले, जरा उशिरा.

१९ ऑगस्ट
सातपुड्याच्या पायथ्याच्या पडीक रानातली काळी माती आली. वाफेत ठेवताना मी हात जोडले. मदतनीस निंबाभाऊंनी पाहिलंच. "काय व ताई, माटीना पाया पडस का? हाई काय तुन्हा सासरा शे?" दिवसभर सगळ्यांना सांगत सुटले.

पण चैन पडेना. आमच्याकडे जीव दुखावला की मुंग्यांना साखर घालतात. मी जिवंत भागातल्या उरलेल्या मातीला चमचाभर साखर घातली. त्यानं आकडा बिघडतो, म्हणून ती मोजणीतून वगळली आणि तसं नोंदवलं. फेकवेना, म्हणून टबात ठेवली. आता रोज एक भाग मारते, रोज टबात साखर घालते.

३० ऑगस्ट
टब काठोकाठ भरलाय. एवढी माती मी घातली नव्हती. हात ठेवला तर गरम लागते. सकाळी वर घूस पडली होती: नुसती हाडं, चाटून पुसल्यासारखी. निंबाभाऊ मांजरीला शिव्या देत होते. इथे मांजर नाही.

२ सप्टेंबर
पर्युषण चालू आहे. टबाचं झाकून ठेवणं जमेना. सरांना साखरेचं सगळं सांगितलं. आधी रागावले, मग नमुना घ्यायला टबात हात घातला.

हात निघेना. मातीनं ओढला. कोपर, खांदा — हाडं मोडताना ऐकली. सर ओरडत होते, मग तोंडात माती — फरशीवरचं रक्तसुद्धा तिनं उतरून टिपून घेतलं. निंबाभाऊ त्यांचे पाय धरून ओढत होते. आता तेही —

दुपार
निंबाभाऊ कमरेपर्यंत आत. माती दाराकडे सरकतेय. बाहेर कापसाचं शेत, तण निंदायला आलेल्या बाया. तेच ओरडले, "दार लाई ले! बाटल्या फोड, ताई, बठ्ठ्या फोड!"

कडी आतूनच लागते. क्लोरोफॉर्मच्या वाफेनं माती मरेल. तेही. मीही.

मुंगी दिसली तर पाऊल मागे घेणारी मी —

कडी लावली. सगळ्या फोडल्या.

गोड वास. माती थांबली. त्यांचा हात माझ्या हातात. गरम.

वही सापडली म्हणजे कुणीतरी दार उघडलंय. लगेच बंद —

डोकं जड —

हात ओढला. नुसता हातच आला.

तरी मातीतून त्यांचाच आवाज — "ताई, मी जित्ता शे. दार उघ