विंगेतल्या बाई

बाई, परवा भाचीच्या हळदीला गेले होते. हॉल आपल्या रत्नागिरीतलाच. नाचायला मधोमध जागा मोकळी सोडलेली, आणि तिथे तासभर नव्या गाण्यांवर पाचसहा पोरंपोरी एकमेकांचे फोटो काढत हलत होती. बाकी सगळे कडेच्या खुर्च्यांवर, डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखे. मग गाणी वाजवणाऱ्याच्या काय मनात आलं कोण जाणे, त्याने आपलं गाणं लावलं. तेच, ज्यात शब्द कमी आणि डिस्को जास्त. चार ठोके पडले नाहीत तोच खुर्च्या रिकाम्या. गुडघ्याला पट्टा बांधलेली मोठी काकू उठली, कुवेतहून सुट्टीवर आलेले शेजारचे चाचा उठले, आणि दारात चपला शोधणारे भटजी एका पायाने ताल देताना मी स्वतः पाहिले. चाळीस वर्षं झाली, हे गाणं अजून माणसांना खुर्चीत बसू देत नाही. ते का, हे तुम्ही मला नववीत सांगितलं होतंत, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तेव्हा उत्तराची घाई नाही.

तुम्ही आम्हाला भूगोल शिकवायचात. गॅदरिंगचा नाच तुमच्या गळ्यात पडला तो केवळ दरवर्षी नाच बसवणाऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या म्हणून. एरवी कोळीनृत्य ठरलेलं, आणि त्यातली माझी जागाही ठरलेली. मी जाडी, पाय तालाला कायम उशिरा, म्हणून मला पुठ्ठ्याची होडी धरून मागे उभं करत. होडीमागच्या मुलीला चेहरा लागत नाही. तुम्ही पहिल्याच दिवशी जाहीर केलंत की यंदा होडी नाही, डिस्को. तालीम तुमच्या भाड्याच्या बिऱ्हाडात, तीही स्वयंपाकघरात, कारण बाहेरच्या खोलीत घरमालकाच्या आंब्याच्या रिकाम्या पेट्या छतापर्यंत. मस्कतच्या भावाने पाठवलेला टेपरेकॉर्डर फळीवर, पोह्यांच्या डब्याशेजारी. आम्ही आठ जणी ओट्यापासून मोरीपर्यंत दोन रांगांत. स्टोव्हवर भात रटरटतोय आणि तुम्ही पदर खोचून, हातातल्या पळीने परातीवर ठोके देताय, एक दोन तीन चार. माझा पाय चुकतो. मी सवयीने मागे सरकते. तुम्ही टेप बंद करत नाही, पळीनेच मला पुढे बोलावता.

“ये गो पुढे. लावणीला पाय शिकलेला लागतो, ह्याला नुसतं हजर असावं लागतं. ही काय लांज्याची एस्टी आहे, चुकली की बसा दोन तास? एक ठोका चुकला तर पुढच्यात चढ.”

नंतर ह्या गाण्यांवर मोठमोठ्या जाणकारांचं लिहिलेलं वाचलं. कुणी त्यात काळाचा उद्रेक पाहिला, कुणी ऱ्हास. पण चारी ठोके सारखे असतात, त्यामुळे उशिरा आलेल्यालाही आत घेतात, हे इतकं सोपं कुणी सांगितलं नाही. त्यांच्यापैकी कुणी होडी धरून उभं राहिलं नसावं.

गॅदरिंगला मैदानावर बाकं जोडून स्टेज केलं होतं आणि विंग म्हणून दोन्ही बाजूंना साड्या बांधल्या होत्या. दिवेलागणीला आमचा नाच सुरू झाला. मी पुढच्या रांगेत, मधोमध, कपाळाला चमकीची पट्टी. मी चुकत नाही, आणि चुकते तेव्हा पुढच्यात चढते. समोरून टाळ्या, शिट्ट्या, मागची माणसं उभी राहिलेली. मला वाटतं, हे माझ्यासाठी. मग लक्षात येतं की सगळ्यांच्या माना एका बाजूला वळल्यात. मांडवीच्या समुद्राकडून आलेल्या वाऱ्याने विंगेची साडी उडवून बांबूवर टाकली होती, आणि मागे तुम्ही जगाचा विसर पडून नाचत होतात. आम्हाला शिकवलेलं सगळं, शिवाय न शिकवलेलं बरंच. लोक हसत होते, पण वाईट हसत नव्हते. हे मला तेव्हाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेलापागोटी. निनावी चिठ्ठ्या पेटीत टाकायच्या आणि हिंदीच्या सरांनी त्या माइकवरून वाचायच्या. बाकीच्यांनी ओळभर लिहिलं, मी पानभर. काल सायंकाळी भूगोलाच्या बाई स्वतःभोवती फिरताना आढळल्या, सूर्याभोवतीची फेरी वेळेअभावी रद्द, पदराने कक्षा सोडल्याने पहिल्या रांगेतील पालकांना सावधगिरीचा इशारा, वगैरे. सरांनी चवीचवीने वाचलं. मैदान लोळलं. तुम्हीही हसलात, पदर खांद्यावर सारखा करत. संस्थेचे एक सभासद तेवढे हसले नाहीत. त्यांनी मुख्याध्यापकांना बाजूला घेतलं, आणि पुढच्या वर्षी कोळीनृत्य परत आलं. तुमचा टेपरेकॉर्डर शाळेत पुन्हा दिसला नाही. तुमचा पायही पुन्हा कधी हलताना दिसला नाही, अगदी प्रार्थनेच्या पेटीलासुद्धा. मी बघत असे.

वाचून झालेल्या चिठ्ठ्या शिक्षकांच्या खोलीत जातात आणि वह्या तपासणाऱ्या बाईंना अक्षर कळतं, एवढी साधी गोष्ट माझ्या हुशार डोक्यात आली नव्हती. आठवड्याने तुम्ही मला टेबलाशी बोलावलंत, माझी वही उघडून धरलीत आणि हळू आवाजात म्हणालात, “झकास लिहिलंस गो. मलासुद्धा हसू आवरेना. फक्त तू कुठे होतीस ते लिहिलं नाहीस.” आणि पुढची वही ओढलीत.

त्या पानभर चिठ्ठीवर माझा पुढचा सगळा धंदा उभा आहे, बाई. लोकांची टवाळी करून नाव झालं. तुमचा किस्सा मी कार्यक्रमांत अजून सांगते, वारा, साडी, पळी, सगळं. हमखास हशा येतो. मी कुठे होते ते आजतागायत सांगितलेलं नाही. लोक समजतात, प्रेक्षकांत. परवा हळदीतही काकूच्या गुडघ्यावर मनातल्या मनात दोन बरी वाक्यं जुळवून झाली होती, तेवढ्यात भाचीने हाताला धरून ओढलं, आणि मी नाचले. तीनदा चुकले. कुणी पाहिलं नाही, जो तो आपापल्या ठोक्यात होता.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक लिहून ठेवते. ती चिठ्ठी मी गंमत म्हणून लिहिली नव्हती. त्या संध्याकाळी माझी आई, जी कधी कुठल्या गॅदरिंगला आली नव्हती, ती तिसऱ्या रांगेत बसली होती. मी तिला शोधून काढलं, नाचता नाचता. ती तुमच्याकडे बघत होती.