शेजारच्या घरातली चूल

यरुशलेम, संत योहानाच्या सणाची सकाळ

लाडक्या गिलेल्मा,

थोरल्या बहिणीचे तुला पुष्कळ आशीर्वाद. आम्ही इथे खुशाल. मी सांगतेय, मठातले पाद्रीबाबा लिहून घेताहेत. तुमच्या गावचे पाद्री वाचून दाखवतील.

तर सगळ्यांत आधी यात्रेला आला तो आपल्या गावचा विदाल लोहार. पोट पुढे, माणूस मागे. ईस्टरच्या दिवसांत दारात उभा राहून आपल्या बोलीत विचारतो कसा, "अलाझायस म्हातारी आहे का जिवंत?" मी म्हटलं, "आहे, आणि तुझ्या बापानं ठोकलेली पळी अजून वाकडीच आहे." त्याच्या मागून तुझा पोन्स. पाळण्यात सोडून आले होते गं त्याला! पाव हातात दिला तर आधी आतला मऊ गर पोखरून खाल्ला, अगदी तुझ्यासारखा. ओळख सांगावीच लागली नाही.

ते होते तोवर माझं तोंड मिटलं नाही. एरवी बोलणार कोणाशी? पोरगा देवाघरी गेला. सून मरियम सुरियानी, इकडच्याच मुलखातली ख्रिस्ती. शहर ओस पडलेलं, म्हणून राजानं यार्देन नदीपलीकडून माणसं आणून वसवली, त्यांतली. गुणाची आहे, फक्त चरबीऐवजी सगळ्यात तेल ओतते. नात एस्तेवेना माझ्याशी आपल्या बोलीत बोलते, पण झोपेत बरळते ती आईच्या. ते मला काही कळत नाही.

पाद्रीबाबा म्हणतात, मुद्द्याचं सांगा. सांगतेय की.

इथे आता बरं आहे हो. राजानं वेशीवरची धान्यपट्टी माफ केली, गहू स्वस्त झाला. पोन्सला फार आवडलं. रागावू नकोस, पण तो तिकडे परतणार नव्हता. शेजारच्या घराचा मालक समुद्रापार गेला तो आलाच नाही. आमचा कायदा असा, की टाकलेल्या घरात जो वर्ष आणि वर एक दिवस वस्ती करील, घर त्याचं. वस्ती म्हणजे चूल. रोज धूर दिसला पाहिजे. पोन्सनं चूल पेटवली आणि म्हणाला, "मावशी, मी नि विदाल यार्देनमध्ये स्नान करून, यात्रेची खूण म्हणून खजुराची फांदी घेऊन येतो. तोवर माझा विस्तव सांभाळ. आणि आईला तूच कळव, मला ओरडेल ती."

मी इतकी हरखले, की मधल्या भिंतीला खिडकी पाडायचंही ठरवून टाकलं. बोलायला.

तेव्हापासून रोज सकाळी तिथली चूल मीच पेटवते. समोरच्या रानुल्फ पाववाल्याचा त्या घरावर डोळा. विचारतो, "आजीबाई, धूर निघतो, माणूस का नाही निघत?" मी म्हणते, झोपाळू आहे, आईवर गेलाय.

आता ऐक. नदीच्या वाटेवर लुटारूंनी यात्रेकरूंना गाठलं. मरियमचा भाऊ जाऊन पाहून आला. विदालला त्यानं तिथेच पुरलं. त्याचा रुंद पट्टा माझ्याकडे आहे, त्याच्या बायकोला तू जाऊन सांग. पोन्सचं काहीच मिळालं नाही. तो नाही, कपडा नाही.

काल मरियम त्या चुलीपाशी माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "आई, गहू कापूनसुद्धा झाला. हे जळण आता आपल्या घराला ठेवू या." मी फुंकणी उचलून विस्तव फुंकला. मग तिनंच एक काटकी आत सरकवली.

पाद्रीबाबांनी लेखणी खाली ठेवली होती. मी म्हटलं, लिहा.

गिलेल्मा, काही मिळालं नाही म्हणजे काही कळलं नाही, एवढंच मी धरून आहे. रानुल्फला घर मिळणार नाही. पोन्स आला तर त्याला विस्तव तयार मिळेल.

दोन घरच्या चुली राखणारी,
तुझी ताई अलाझायस

गहू पिवळा पडायच्या आत, संत मार्काच्या दिवशी परत येतो, असं सांगून दोघं गेले होते. त्या दिवसाला आज दोन महिने झाले.