ओळंबा आला म्हणून सांगा

१२ मे, रविवार

आजही फोनवर आले नाहीत! आई म्हणाली, "थांब, बलावतो त्याईले." मी फोन कानाला दाबून धरला. कुकरची शिट्टी, बहिणीचं, माधवीचं कोणाशी तरी भांडण, आणि मग बाबांचा खोकला. नुसता खोकला.

"झोपले वाटते," आई म्हणाली.

झोपलेला माणूस असा खोकतो का? पण ऐकला. तेवढाच ऐकला.

सुटी आहे. खोलीतली बिहारी पोरं बाजारात गेली. तिरुपूरला येऊन दोन वर्षं होतात, बनियनला इस्त्री मारतो, पोटभर मिळतं, पण गमत नाही. मराठी बोलायला एक माणूस नाही. म्हणून ही वही. आठवीपर्यंतचं अक्षर, तेही बिघडून राहिलं. पण लिहिलं की तोंडात मराठी राहते.

१४ मे

आपल्याकडचा रेडिओ मोबाईलवर लागतो हे कळल्यापासून एक कान त्याच्यातच. स्टेशन अकोल्याचं, पण आमच्या अमरावतीतही सगळ्या टपऱ्यांवर तोच चालू असतो. सकाळी गज्जूची 'फिरकी'. कोणीतरी आपल्या माणसाचा नंबर पाठवतो, गज्जू त्याला फोन लावून बनवतो आणि शेवटी ओरडतो – "फिरकी होती भाऊ!" मग तो माणूस आधी शिव्या देतो, नंतर हसतो.

आज अकोटच्या एका मास्तरला सांगितलं, तुमची म्हैस आमच्या लग्नाच्या मांडवात शिरून जेवून गेली. मास्तर म्हणते, "किती जेवली?" मी एवढा हसलो की सुपरवायझर ओरडला. काय ओरडला देव जाणे, तमिळ आहे. गज्जूच्या शिव्या तरी समजतात!

१५ मे

इस्त्री मारताना तेच तेच डोक्यात येतं.

बाबा मिस्त्री. शाळा सुटल्यावर मला हाताखाली घेतलं. मी मोबाईल घेऊन पायऱ्यांवर बसायचो. "नुसता लटकून राह्यते ओळंब्यावानी!" – ओळंबा म्हणजे भिंत सरळ आहे का पाहायला दोरीला टांगतात तो लोखंडी गोळा. पुढं तेच नाव पडलं. घरी पिंटू, कामावर ओळंबा. रागानं म्हणायचे, पण कधीकधी डबा उघडताना पण म्हणायचे – "ये रे ओळंब्या, खाऊन घे." ते नाव त्यांच्याशिवाय कोणी घेतलं नाही.

स्लॅबच्या दिवशी मिक्सरचं डिझेल आणायला पाठवलं. मी चौकात मॅच पाहत उभा राहिलो. माल खोळंबला, मजूर खोळंबले, मालक बोंबलला. बाबांनी सगळ्यांसमोर कानफटात मारली. मी म्हणालो, "आजपासून मले बाप नाई." आणि निघालो तो इथंच.

त्यांनी ते धरून ठेवलं. जन्मात माझं एक तरी ऐकलं!

१६ मे

नंबर पाठवला. बाबांचा. 'ओळंबा' पण लिहून दिलं, म्हणजे त्यांना खरं वाटेल.

मला फक्त बोलताना ऐकायचं आहे. खोकताना नाही.

१९ मे

नाही लागला. आज कोण्यातरी केटरिंगवाल्याची फिरकी. बेकार होती.

२१ मे, मंगळवार

लागला! ऐकता ऐकता एक बनियन जाळलं.

गज्जू साहेबी आवाजात – "देवमनभाऊ का? बडनेरा स्टेशनवरून बोलतो, तिकीट तपासनीस."

"बोला." – बाबा! आवाज जरा जाड झाला आहे.

"तुमचं पोट्टं बिनतिकिटाचं सापडलं. बसवून ठेवलं आमी त्याले. दंड भरा अन् घेऊन जा."

"कोणतं पोट्टं?"

"किती हायत तुमाले?" मागून हसण्याचा आवाज लावला. "तो म्हणते, माह्या बापाले सांगा, ओळंबा आला म्हणून."

बाबा काही बोलले नाहीत. कितीतरी वेळ. त्यांच्यामागं कोणाचं तरी फावडं वाजत होतं. गज्जूसुद्धा गप्प बसला, आणि तो कधी गप्प बसत नाही.

मग बाबा म्हणाले, "मले पोरगा नाई. असंन तं ठेवा तिथीच. झाडू मारून घ्या त्याच्याकडून, जमला तं."

फोन कट! फिरकी होती हे सांगायच्या आधीच. गज्जू म्हणाला, "बापरे! या बापापुढं रेल्वे पण हरली!" आणि गाणं लागलं.

'जमला तं' वर मी हसलो. मग संडासात जाऊन रडलो. मले पोरगा नाई. साऱ्या वऱ्हाडाला ऐकू गेलं.

फोन करून सांगावं वाटलं की ते खोटं होतं. पण मग नंबर कोणी दिला ते निघेल. आणि 'पोरगा नाही' म्हणणाऱ्याला कशाला सांगायचं?

नाही केला.

२२ मे

माधवीचा फोन. बाबा गेले.

२४ मे

दोन गाड्या बदलून बडनेऱ्याला उतरलो. पहिला पाय त्याच फलाटावर. सागर – माझा चुलतभाऊ – न्यायला आला होता. परवा दुपारीच सगळं उरकलं. या उन्हात थांबता येत नव्हतं.

झालं ते असं. फोन आल्यावर बाबा काम सोडून सायकलीनं बडनेऱ्याला गेले. पारा पंचेचाळीसच्या वर होता. तिथल्या खऱ्या तपासनीसानं सांगितलं, आमी कोणाले पकडलं नाई, फोन पण केला नाई, तुमी घरी जा. तरी ते बाकावर बसले. एक गाडी, दुसरी गाडी. प्रत्येक गाडीला उठून डबे पाहत होते म्हणे. संध्याकाळी आडवे झालेले दिसले. लोकांना वाटलं झोपले आहेत. ऊन लागलं होतं. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं.

दवाखान्यानं पिशवीत सामान दिलं. दुपट्टा, सायकलीची चावी, मोबाईल, दोन कांदे. ऊन लागू नये म्हणून कांदा खिशात ठेवायची त्यांची सवयच. आईनं पिशवी माझ्या हातात दिली आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

तपासनीसानं सांगितल्यावरही बसले कशाला?

२६ मे, रविवार

दारासमोर माणसंच माणसं. सगळ्यांच्या तोंडी गज्जू. "रेडिओवाल्यानं मारला मिस्त्रीले." "माणसाची किंमत नाई यायले." अरे, तुम्हीच तर दर सकाळी हसत होता! मीही. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवाले केशवकाका तेवढे खाली मान घालून बसले होते. त्यांच्या टपरीवर रेडिओ दिवसभर चालू असायचा. आज बंद आहे.

सागरनं ठाण्यात द्यायचा अर्ज लिहून आणला. गज्जूला अटक करा. रेडिओवाल्यांनी त्याला आधीच काढून टाकलं आहे.

"सही कर बे पिंट्या. मुख्य तं तूच हायेस."

"उद्या करतो."

"उद्या कायले? बाप तुहाच गेला ना?"

नंबर कोणी दिला, हे अजून एकानंही विचारलं नाही. विचारतील. तोपर्यंत मी बिचारा पोरगा आहे. आया-बाया डोक्यावरून हात फिरवून जातात. ते हात सहन होत नाहीत.

२८ मे

अनोळखी नंबर. "पिंटूभाऊ का? मी गजेंद्र." मला समजलं नाही. मग तो म्हणाला, "गज्जू." रेडिओवरच्यासारखा आवाज नव्हता.

२९ मे, बुधवार

एसटीनं अकोल्याला गेलो. ठरल्याप्रमाणे गज्जू बसस्टँडवर भेटला. मला वाटायचं जाडजूड माणूस असेल. माझ्याच वयाचा, बारीक, दाढी वाढलेली. अकोटच्या गाडीची वाट पाहत होता – खोली सोडून गावाकडे चालला, गादीची वळकटी सोबत.

म्हणालो, "माहाच बाप भेटला का रे तुले?"

"नंबर तुमीच देला ना भाऊ."

उसाचा रस घेतला. प्यायला कोणीच नाही.

तोच बोलत राहिला. आधी रेकॉर्ड करायचं, माणसाला विचारायचं, मग लावायचं असा नियम होता. महिन्याभरापूर्वी वरून सांगितलं, थेट लावा, थेटले लोक जास्त ऐकतात. आता वरचे म्हणतात, आम्ही तोंडी काही बोललोच नाही. "फिरकी होती हे सांगाले मी दोनदा फोन लावला तुमच्या बाबाले. उचलला नाई."

"तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा गाणं संपलं होतं भाऊ. मले बोलणं भाग होतं."

मी त्याचा शर्ट धरला. लोक पाहायला लागले. त्यानं सोडवून घेतला नाही. त्यामुळे मलाच सोडावा लागला.

"माझं नाव काहून नाई सांगितलं तू?" मी विचारलं.

"पोलिसानं विचारलं तं सांगीन. खोटं नाई बोलणार. पण तुमची आई माह्या तोंडून आयकंन, ते बरं दिसत नाई."

गाडी लागली. खिडकीत बसल्यावर म्हणाला, "त्याईचा आवाज जात नाई कानातून. त्या गप्प बसण्याचा." म्हणजे त्याला पण तेच ऐकू येतं.

३० मे

आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. माधवी पण होती.

सगळं सांगितलं. खोकला, नंबर, ओळंबा, आणि त्या दिवशी फोन केला नाही ते पण. आईचा हात सुपातच थांबला. मारेल वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तुले आवाज आयकाचा होता तं घरी येऊन जायचं," ती म्हणाली. "रेडिओले कायले धाडलं?"

बस. त्यानंतर बोलली नाही. जेवायला माधवीनं वाढलं. ताट जरा जोरात ठेवलं.

१ जून, शनिवार

ठाण्यात गेलो. सागरचा अर्ज दिला आणि त्याखाली माझ्या हातानं लिहिलं – नंबर मी दिला होता. साहेबांनी दोनदा वाचलं. "कोणी लिहायले लावलं का?" नाही म्हटलं. "मग गुन्हा कोणाचा म्हणतोस तू?" मी म्हणालो, "साहेब, ते तुमी ठरवा. मले जेवढं माहीत आहे तेवढं लिहिलं." ते म्हणाले, बघू.

बाहेर आल्यावर सागरनं माझ्या अंगावर चप्पल फेकली. "बापाले इकलं बे तू, हसाले!" सारी गल्ली पाहत होती. चप्पल उचलून त्याच्या पायापाशी नेऊन ठेवली.

रेडिओवाल्यांनी काढलं, अर्ज गज्जूवर, चप्पल मला. पण रात्र पडली की वाटतं, नुसतं उलटं झालं असतं तर! त्यांनी एकदा फोनवर येऊन शिवी दिली असती तर. मी एकदा येऊन उभा राहिलो असतो तर. त्या बाकावर जाऊन बसलो होतो आज. तिथून गाडी येताना दिसते लांबून. फार लांबून दिसते.

२ जून

आज वंदनेला बसलो. भन्तेजी आले होते. बाबांच्या फोटोसमोर मेणबत्ती सारखी विझत होती, पंख्यामुळे. आई उठली, पंखा बंद केला, आणि जाताना माझ्या पाठीवर हात टेकवून गेली. मुद्दाम का तोल जाऊन, समजलं नाही.

३ जून, सोमवार

सकाळी केशवकाका घरी आले. दारातच उभे राहिले, आत यायला तयार नाहीत. हात जोडून आईला म्हणाले, "वहिनी, मी भेलो म्हणून बोललो नाई. त्या दिवशी देवमन माह्या टपरीवरूनच गेला. म्या रेडिओ आयकला होता. म्या सांगितलं त्याले – बावा, जाऊ नको, फिरकी होय ते."

आई म्हणाली, "मंग?"

"हसला. म्हणे, मले समजलं रे केशव. पण ओळंबा हे नाव रेडिओले कोणं सांगितलं? पोट्ट्यानंच. येऊन राहिला तो. सरळ सांगता येत नाई त्याले, माह्यावरच गेला. आज नाई तं पुढच्या गाडीनं येईन. अन् माह्या टोपलीतून एक कांदा उचलला. म्या म्हटलं, तुह्या खिशात हाय ना? तं म्हणे, हा त्याले. त्याची सवय सुटली असंन आपल्या उन्हाची."