पडायचंच तर गोलपुढे

ड्युलुथ, फेब्रुवारी

प्रिय अगाथाआत्या,

तू जाऊन अकरा वर्षं झाली, तरी हे तुलाच सांगायचंय. तू नन, आणि हिवाळ्यात कॉन्व्हेंटच्या अंगणात पाणी सोडून आम्हाला खेळायला बर्फ गोठवायचीस. मी घसरले की म्हणायचीस, "पडायचंच ना? मग गोलपुढे पड!"

मी यंदा निवृत्त होतेय. काल आइस हॉकीच्या बाद फेरीत माझं कॉलेज हरलं असतं, तर कोच म्हणून तोच माझा शेवटचा सामना ठरला असता. पण घरच्या मैदानावरच्या अखेरच्या सामन्यात शेवटच्या वर्षाच्या मुली खेळवायच्या, ही आपली रीत. ग्रेटा चार वर्षं राखीव गोलरक्षक. साहाय्यक म्हणाला, "कोच, आज तिला? डोकं ठिकाणावर आहे ना?"

ग्रेटा हेल्मेटचा पट्टा पुन्हा पुन्हा आवळत होती. "कोच, मी पडेन हो."

मी तिला तुझंच वाक्य दिलं.

शेवटच्या मिनिटाला ती गोलपुढे आडवी पडली आणि गोलकडे आलेली चकती तिच्या पोटाखाली थांबली. आम्ही जिंकलो, आणि माझी निवृत्ती पुढच्या सामन्यापर्यंत आठवडाभर लांबली, आत्या!

तुझी घसरगुंडी,
रोझॅन